मेटाबॉलिझमसाठी नवीन काही आणू नका, डब्यातली कडधान्यं बाहेर काढा

हल्ली वजन का वाढलं म्हणून कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, मेटाबॉलिझम स्लो झालंय. मग उपाय सुरू होतात, उठल्या उठल्या जिऱ्याचं पाणी, ते झालं की दालचिनीचं, मग ॲपल सायडर व्हिनेगर, मग ग्रीन टी, आणि एवढं सगळं पोटात ढकलून झालं की नाश्त्याला चहा आणि खारी. म्हणून म्हटलं जरा नीट लिहावं, की आपल्या रोजच्या जेवणात काय आणि कसं बदललं तर शरीराला खरंच थोडी मदत होऊ शकते. बाजारातून महागडं काही आणायचं नाहीये, बहुतेक वस्तू घरात असतातच, फक्त ताटात त्यांचं प्रमाण उलटं पडलेलं असतं.

आधी थोडं समजून घेऊ, फार नाही. मेटाबॉलिझम म्हणजे शरीर एनर्जी वापरतं ती सगळी क्रिया. दिवसभरात आपण जेवढी एनर्जी खर्च करतो त्यातली साधारण ६० ते ७० टक्के नुसतं जिवंत राहायलाच लागते, म्हणजे मेंदू, हृदय, लिव्हर, किडन्या, श्वास हे सगळं चालू ठेवायला. खाल्लेलं पचवण्यात साधारण १० टक्के जाते आणि उरलेली हालचालीत. त्या पहिल्या मोठ्या भागावर कुठल्याही एका पदार्थाचा किंवा पाण्याचा म्हणावा असा परिणाम होत नाही. आणि २०२१ साली 'सायन्स' या जर्नलमध्ये २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास आला होता, त्यात असं दिसलं की शरीराचा आकार आणि स्नायू हिशेबात धरले तर २० ते ६० या वयात हा खर्च जवळपास तेवढाच राहतो आणि साठीनंतर हळूहळू उतरायला लागतो. म्हणजे चाळिशीत मेटाबॉलिझम बसतं हे काही खरं नाही, बसतो आपण, खुर्चीत.

मग खाण्याने होतं काय? तर प्रोटीन पचवायला शरीराला जास्त कष्ट पडतात, त्यातून मिळणाऱ्या कॅलरीजपैकी २० ते ३० टक्के पचवण्यातच जातात, भात-पोळीसारख्या कार्ब्जमध्ये हेच ५ ते १० टक्के आणि तेल-तुपात जेमतेम ३ पर्यंत. हा फरक काही फार मोठा नाही, नुसत्या प्रोटीनने कुणी बारीक झालं नाहीये, पण पोट भरलेलं राहतं, स्नायू टिकतात, आणि जेवल्यावर रक्तात आलेली साखर उचलायचं मोठं काम हे स्नायूच करतात. फायबरने साखर एकदम न चढता हळू चढते. बास, एवढाच सगळा मामला आहे, प्रोटीन आणि फायबर वाढवायचं, आणि ते आपल्याच जेवणातून.

आपल्याकडे याची जास्त गरज आहे त्यालाही कारण आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 'थिन-फॅट' भारतीयांवर वर्षानुवर्षं काम केलंय, म्हणजे दिसायला बारीक पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये त्यांचा स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३, पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! त्यामुळे "मी तर बारीक आहे, मला काय होतंय" म्हणणाऱ्यांनीही हे वाचावं. आणि आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या सर्व्हेमध्ये २०२५ साली दिसलं की भारतीय लोक सरासरी ६२ टक्के कॅलरीज कार्ब्जमधूनच घेतात, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची गाइडलाइन सांगते की धान्यातून ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. म्हणजे नेमकं कुठे चुकतंय ते दिसतंच आहे.

पहिल्यांदा प्रोटीन मोजा, एकदाच

रोज मोजत बसायचं नाही, वेड लागेल. फक्त एका दिवसाचा हिशेब करा. मोठ्या निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं असं आयसीएमआर सांगतं, म्हणजे वजन ६० किलो असेल तर ५० ग्रॅम. आता आपला नेहमीचा दिवस बघा, चहा-बिस्किटात एखाद-दोन ग्रॅम, कांदेपोह्यांच्या प्लेटमध्ये ५ च्या आसपास, एका पोळीत साधारण ३, भाजीत २, आणि वरण, तर वरणाचीच खरी गंमत आहे. कच्ची तूरडाळ मूठभर म्हणजे ३० ग्रॅम घेतली तर त्यात जवळपास ७ ग्रॅम प्रोटीन असतं, पण तीच मूठभर डाळ चौघांच्या वरणात पडते, मग प्रत्येकाच्या वाटीला दोन ग्रॅमसुद्धा येत नाही आणि आपण मात्र म्हणतो आमच्याकडे रोज वरण असतं. त्यामुळे पहिला आणि सगळ्यात सोपा बदल हाच, माणशी एक मूठ कच्ची डाळ कुकरला लावायची, वरण घट्ट ठेवायचं, आणि भात नेहमीपेक्षा कमी घेऊन त्यावर वरण जास्त घ्यायचं. यात नवीन रेसिपी नाही, कुणाला वेगळं काही खातोय असं वाटतही नाही.

नुसत्या तुरीवर अडकू नका. मसूर स्वस्त आहे आणि लवकर शिजतो, मूग पचायला हलका, आणि कुळीथ म्हणजे देशावरचे हुलगे, त्यांच्याकडे तर शहरात कुणी ढुंकून बघत नाही, पण त्यांच्यातही १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. कोकणातली कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते, लसूण-मिरचीची फोडणी, पाणी, उकळी आली की पीठ हळूहळू सोडत ढवळत राहायचं, वर आमसूल. संध्याकाळी ऑफिसमधून दमून आल्यावर स्विगी उघडायच्या आधी हे आठवा.

उसळ, म्हणजे खरा हिरो

मोड आणणं सोपं आहे तरी लोक तयार मोडाचं पाकीट आणतात, ज्याला कधी कधी वास येत असतो. मटकी किंवा मूग निवडून, धुऊन रात्री भिजत घाला, सकाळी पाणी पूर्ण निथळून फडक्यात सैल बांधा, किंवा चाळणीत घालून वर ओलं फडकं टाका. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दीड दिवस लागू शकतो, तेव्हा बंद ओव्हनमध्ये किंवा झाकणाच्या डब्यात ठेवायचं म्हणजे ऊब राहते. पाणी राहिलं तर चिकट होऊन वास मारतो, एवढंच सांभाळा. मोड आल्यामुळे कडधान्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि थोडं व्हिटॅमिन सी पण तयार होतं. मोड फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतात. कच्चे खाण्याची फॅशन आहे, पण ओल्या उबदार जागेत जंतूही तेवढेच आनंदाने वाढतात, म्हणून गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं यांना तरी वाफवूनच द्या, खरं तर सगळ्यांनीच वाफवून खावेत, चवही चांगली लागते.

"मला उसळीने गॅस होतो" हे सगळ्यांचं म्हणणं असतं आणि ते खोटं नाहीये. त्यासाठी भिजवलेलं पाणी फेकून द्या, फोडणीत हिंग, ओवा, आलं घाला, आणि सुरुवात मुगापासून करा, एकदम छोले-वाटाण्यावर उडी मारू नका. पहिले काही दिवस अर्धी वाटीच खा, पोटाला सवय होते. राजमा मात्र रात्रभर भिजवून कुकरमध्ये अगदी मऊ शिजलाच पाहिजे, अर्धाकच्चा राहिला तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. आणि उसळ झाली की वर लिंबू पिळायचं विसरू नका, आणि कोथिंबीर, लिंबामुळे लोह जास्त शोषलं जातं. त्याच कारणाने चहा जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर, जेवल्या जेवल्या चहा घेतला तर त्यातलं टॅनिन लोह अडवून धरतं. हे मी घरात किती वेळा सांगितलं तरी कुणी ऐकत नाही ते सोडा.

मिसळ पण यातच येते, घरी केली तर. मटकी जास्त, फरसाण चवीपुरतं, तर्री बेताची आणि पाव एकच. दुकानात नेमकं उलटं असतं.

भाकरी, पण हिशेबाने

पोळीपेक्षा भाकरी चांगली असं सरसकट सांगतात, त्यात एक मेख आहे. एका फुलक्याला २५-३० ग्रॅम कणीक लागते आणि हातावर थापलेली एक मोठी भाकरी सहज ६०-७० ग्रॅम पिठाची होते, म्हणजे तीन पोळ्या खाणाऱ्याने तीन भाकरी खाल्ल्या तर धान्य दुपटीपेक्षा जास्त गेलं की पोटात. दोन फुलक्यांना एक भाकरी हा हिशेब ठेवा. फायदा आहेच, ज्वारी-बाजरीत फायबर भरपूर, बाजरीत लोह चांगलं, नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तेवढं दुसऱ्या कुठल्याच रोजच्या धान्यात नाही.

पीठ थोडं थोडं दळून आणा, विशेषतः बाजरीचं, त्यात तेलाचा अंश जास्त असल्यामुळे ते लवकर कडू आणि खवट होतं, आठवडाभराचंच दळण टाकलेलं बरं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते, मग लोक म्हणतात आम्हाला भाकरी जमत नाही. गरम पाण्यात पीठ मळलं किंवा थोडी उकड काढली तर नवशिक्यांनाही जमतं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मिळाली तर घ्याच, चवीत फरक आहे. आणि थापायला वेळ नसेल तर ज्वारीच्या पिठाचं धिरडं करा, कांदा, कोथिंबीर, तीळ घालून, कुणी नाव ठेवणार नाही. पाकिटावर 'मल्टीग्रेन' लिहिलेलं पीठ घेणार असाल तर मागचं लेबल वाचा, गहू ९० टक्के आणि बाकी सगळी धान्यं मिळून चिमूटभर असं बरेचदा असतं.

नाचणीचं सत्त्व आणि अख्ख्या नाचणीचं पीठ यातही फरक आहे. सत्त्व गाळलेलं असतं, फायबर गाळात जातं, बाळासाठी ते ठीक, मोठ्यांनी साध्या पिठाची ताकातली आंबील प्यावी.

भात सोडायची गरज नाही, कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला भात सोड सांगणं म्हणजे अन्यायच आहे. एक मूद भात, त्याच्या दुप्पट आमटी किंवा उसळ, आणि शेजारी बांगडा किंवा तारली असेल तर विचारायलाच नको. बांगड्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि वर ओमेगा-३ हे चांगलं फॅट, आणि सुरमई-पापलेटच्या मानाने कितीतरी स्वस्त. फक्त रव्यात घोळून तेलात सोडू नका रोज, तिरफळ घालून केलेलं सार किंवा तव्यावर कमी तेलात.

नाश्त्याचं काय करायचं

इथे गाडी सगळ्यात जास्त घसरते. पोहे, उपमा, साबुदाणा खिचडी, शिरा, यातलं बहुतेक सगळं स्टार्च. पोहे बंद करू नका, पोह्यांत मूठभर वाफवलेली मटकी किंवा मटार घाला, शेंगदाणे नेहमीपेक्षा थोडे जास्त, आणि बरोबर वाटीभर दही किंवा एक उकडलेलं अंडं, अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन सरळ मिळतं. पिवळ्या बलकासकट खा, निरोगी माणसाला रोज एक अंडं खाल्लं म्हणून काही होत नाही. थालीपीठाची भाजणी ही तर आपल्याकडची फार हुशार गोष्ट आहे, ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांच्याबरोबर हरभरा डाळ आणि उडीद भाजून दळलेले, वर धणे-जिरे, म्हणजे धान्य आणि डाळ दोन्ही एकाच पिठात. थालीपिठात कांदा, दुधी किंवा मेथी किसून-चिरून भरपूर घाला, तेल बेताने सोडा, बरोबर लोण्याच्या गोळ्याऐवजी दही. मुगाचं धिरडं, इडलीबरोबर घट्ट सांबार, रात्रीची उरलेली उसळ आणि भाकरी, हे सगळं चालतं. उरलेली उसळ नाश्त्याला खायला लाज कसली वाटते लोकांना कळत नाही.

उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च, प्रोटीन नावालाही नाही, त्यात बटाटा पडतो आणि वर साजूक तूप. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, भगर आणि दाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर, असा उपवास करून बघा, दुपारी झोप कमी येते. ज्यांना एकादशीला खिचडी पाहिजेच त्यांनी खावी, वर्षातल्या चार दिवसांनी काही बिघडत नाही, बिघडतं ते दर गुरुवार-शनिवारी.

भाज्यांबद्दल थोडक्यात, पालेभाजी रोज एक, पीठ पेरून किंवा डाळ घालून केली की तिच्यातच प्रोटीन येतं. शेपू, अंबाडी, चाकवत, शेवग्याचा पाला, अळू, जे सीझनला मिळेल ते. कोशिंबीर आणि उसळ आधी खायची, पोळी-भात नंतर, या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी चढते असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय आणि यात खर्च शून्य आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, लगेच सोफ्यावर नको.

चटण्यांकडे मात्र मी फार प्रेमाने बघते. जवस, कारळं, तीळ, शेंगदाणे, सोलापूरकडे शेंगदाण्याच्या चटणीशिवाय पान पूर्णच होत नाही, आणि या सगळ्यांत चांगलं फॅट, फायबर, थोडं प्रोटीन. जवसात वनस्पतीजन्य ओमेगा-३ असतं पण जवस अख्खे गिळले तर आले तसे बाहेर जातात, म्हणून मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, गार करून लसूण, लाल तिखट, मीठ घालून कुटायचे. थोडीच करा, फ्रिजमध्ये ठेवा, फार दिवस राहिली की खवट होते. दिवसाला एखादा मोठा चमचा पुरे, कारण तेलबियांत कॅलरीज भरपूर, शेंगदाणे ३० ग्रॅम म्हणजे लहान मूठभर, त्यातच १७० च्या आसपास कॅलरीज जातात, टीव्ही बघत बघत वाटीभर खाल्ले तर एक जेवण झालं समजा.

ताक प्या, गोड लस्सी नाही. गूळ म्हणजे साखरच, रंग वेगळा, गुळाचा चहा करून कुणाचं काही भलं होत नाही, आणि साखर-गूळ-मध सगळं मिळून दिवसाला २०-२५ ग्रॅमच्या आत ठेवावं, चहाच्या चार कपांतच ते संपतं. शाकाहारी लोकांनी एकदा बी-१२ तपासून घ्या, आपल्याकडे ते फार लोकांचं कमी निघतं, थकवा आणि हातापायाला मुंग्या येतात आणि लोक त्याला मेटाबॉलिझम म्हणत बसतात. मोड आलेल्या कडधान्यांत ते नसतं, दूध-दह्यात थोडं असतं, फार कमी असेल तर गोळी किंवा इंजेक्शनच लागतं.

मिरची, आलं, दालचिनी, ग्रीन टी यांनी थोडा वेळ खर्च वाढतो असं काही प्रयोगांत दिसतं, पण तो इतका किरकोळ की एका बिस्किटाने भरून निघावा. चवीसाठी घाला, औषध म्हणून नाही. दालचिनी तर रोज चमचा चमचा नकोच, बाजारात मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत कूमारिन असतं, जास्त प्रमाणात ते लिव्हरला बरं नाही.

आता ज्यांची औषधं चालू आहेत त्यांच्यासाठी. डायबेटीसची गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना भात-पोळी एकदम कमी केली तर साखर खाली घसरू शकते, त्यामुळे आधी डॉक्टरांशी बोला आणि घरच्या मशीनवर साखर बघत राहा. किडनीचा त्रास असेल तर हे प्रोटीन वाढवण्याचं प्रकरण स्वतःच्या मनाने अजिबात करू नका. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवायच्या नाहीत आणि एकदम बंदही करायच्या नाहीत, रोज साधारण सारख्या ठेवायच्या. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि यात चार तासांचं अंतर. कोबी-फ्लॉवर शिजवून बेताने खायला सहसा हरकत नसते, सोयाबीन मात्र रोज खायला लागलात तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा, डोस बघावा लागू शकतो.